पिवळा दिवा आणि तेलाची पट्टी

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी मोटार ही आता मिरवण्याची वस्तू राहिलेली नाही. रेल्वे गाठायची तर गंगाखेड किंवा परळी, जिल्ह्याची कामे परभणीस आणि दुखणे मोठे निघाले तर अंबाजोगाई किंवा लातूर. मोंढ्यावर सोयाबीन आणि कापसाचा हंगाम सुरू झाला की घरातील कर्त्या माणसाला दिवसातून चार फेऱ्या पडतात, आणि रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली तर दारातील गाडीची किल्लीच पहिली हाताशी येते. अशा गावात गाडीच्या पुढच्या फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तेव्हा तो केवळ गाडीच्या मालकाचा प्रश्न राहत नाही, घराचा होतो.

सोनपेठच्या एका आडत व्यापारी कुटुंबाच्या गाडीत हा दिवा लागला तो परळी सोडून अंबाजोगाईचा घाट चढताना. गाडी २०१४ सालची, छोटी पेट्रोल सेडान. मागच्या आसनावर सत्तरी ओलांडलेल्या आई होत्या. त्यांच्या श्वासाच्या तक्रारीसाठी अंबाजोगाईच्या रुग्णालयात तपासणीची तारीख मिळाली होती. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालत होती. चढ लागताच मात्र तिच्यातले बळ कोणी काढून घ्यावे तशी ती बसू लागली. थोरला मुलगा गाडी चालवत होता. त्याने तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आणली, पाय दाबला; इंजिनाचा आवाज वाढला, वेग वाढला नाही. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर भोंगा वाजवत जवळ येत होता. गाडी कशीबशी वर पोहोचली, तपासणीही झाली. परंतु डॉक्टरांनी दहा दिवसांनी पुन्हा बोलावले होते आणि रस्ता तोच होता.

मधल्या काळात सल्ले पुष्कळ मिळाले. मोठ्या शहरातील एका गॅरेजने यंत्र लावून पाहिले आणि ‘टायमिंगचा दोष’ असे सांगून चेन, कॅमशाफ्टवरील दातेरी चक्र, सोलेनॉइड, दोन सेन्सर असा संच बदलण्याचा अंदाज दिला. तो आकडा एका ट्रॉलीभर सोयाबीनच्या पट्टीएवढा होता. एका नातेवाइकांनी दिवाळीपूर्वी गाडी विकून टाकावी असे सुचविले. दुसऱ्यांनी दिव्याची तार काढून टाकण्याचा तोडगा सांगितला. तो सल्ला देणाऱ्याचे दुकान औषधांचे होते, हे विशेष.

या गाडीत बिघडले होते ती व्यवस्था म्हणजे व्हॉल्व्हची बदलती वेळ, इंग्रजी अद्याक्षरांनी व्हीव्हीटी. तिचा दोष कसा शोधावा हे समजण्यासाठी ती काय करते हे आधी पाहावे लागते.

पेट्रोल इंजिनात पिस्टन चार फेऱ्यांत काम करतो. पहिल्या फेरीत हवा आणि पेट्रोल आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगी पडून जळते आणि चौथीत धूर बाहेर टाकला जातो. आत घेणारी आणि बाहेर सोडणारी दारे म्हणजे व्हॉल्व्ह. ती उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. पिस्टनशी जोडलेला क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो. दोघांना चेन किंवा पट्टा एकत्र बांधून ठेवतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक आत घेणारे दार सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. एवढ्या घाईत दार किंचित आधी उघडले किंवा किंचित उशिरा मिटले तरी श्वास बदलतो.

जुन्या गाड्यांत ही वेळ एकदा ठरली की कायमची. ज्यांच्या वडिलांनी अँबॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी बाळगली असेल त्यांना टॅपेट सेट करणारा मिस्त्री आठवत असेल. पात्यांच्या मापाने तो फट मोजी, कानाने ठिणगीची वेळ जुळवी. व्हॉल्व्ह उघडण्याची मूळ घडी मात्र कॅमच्या घडणीत कोरलेली असे. ती त्याच्याही हाती नव्हती. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० सुद्धा याच जातीची. कारखान्याला एक तडजोड करावी लागे. उभ्या गाडीत इंजिन शांत चालावे यासाठी व्हॉल्व्हची जी घडी चांगली, ती भरधाव वेगात अपुरी पडते. वेगात जी चांगली, ती उभ्या गाडीत इंजिनाला थरथरवते. म्हणून मधली घडी पत्करायची.

ही तडजोड मोडण्याचे प्रयत्न बरेच जुने. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारीत बदलती वेळ प्रथम आणण्याचा मान इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीच्या १९८० च्या स्पायडर गाडीला दिला जातो. १९८९ मध्ये जपानच्या होंडाने व्हीटेक आणले. भारतातील मध्यमवर्गीय घरांत ही व्यवस्था मोठ्या संख्येने पोहोचली ती पुढे, ह्युंदाईचे कप्पा इंजिन आणि २०११ ची नवी स्विफ्ट यांसारख्या गाड्यांतून. म्हणजे आज जी पेट्रोल गाडी दहा-बारा वर्षांची होऊन दारात उभी आहे, तिच्या पोटात बहुधा ही व्यवस्था आहे, आणि मालकाला तिचे नावही ठाऊक नाही. बॉनेटखाली पाहिल्यास इंजिनाच्या झाकणावर व्हीव्हीटी, व्हीटीव्हीटी किंवा आयव्हीटेक अशी अक्षरे सापडतात.

आता मुख्य गोष्ट. कॅमशाफ्टच्या टोकाला असलेले दातेरी चक्र आतून पोकळ असते. त्याला फेजर म्हणतात. त्या पोकळीत पाकळ्यांचा एक तुकडा बसवलेला असतो. पाकळ्यांच्या एका बाजूला तेल भरले की कॅमशाफ्ट चेनच्या मानाने थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला भरले की मागे. तेल कोणत्या बाजूस जायचे हे एक लहानसा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. त्याच्या डोक्यावर विजेची गुंडाळी असते आणि तिला हुकूम देतो गाडीचा संगणक. इंजिन बंद झाले की एक कुलूपखिळ फेजरला त्याच्या मूळ जागी अडकवून ठेवते. आत घेणाऱ्या कॅमच्या बाबतीत ही मूळ जागा बहुतेक इंजिनांत सर्वांत मागची असते.

यासाठी वेगळे तेल नसते. जे इंजिन ऑइल पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण देते तेच, पंपाच्या त्याच दाबाने, या पाकळ्या ढकलते. त्याच्या वाटेत एक बारीक जाळी असते. ती नखाएवढी आणि तिची छिद्रे बारीक रव्याच्या चाळणीसारखी. जुन्या इंजिनात तेल काळे झाले तर झीज वाढे, पण तिचा परिणाम दिसायला वर्षे लागत. या इंजिनात तेल काळे झाले की प्रथम ही जाळी बुजते आणि गाडी तात्काळ बोलू लागते. ज्याला व्यापारी लोक ‘तेलावर काय खर्च करायचा’ म्हणतात, ते तेल येथे वंगण नसून काम करणारा हात आहे.

संगणक बोलतो ती भाषा म्हणजे कोड. गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खाच असते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. भारतात २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडीचा दुसरा टप्पा लागू झाला. त्या खाचेत काडेपेटीएवढे वाचकयंत्र लावले की मोबाइलवर कोड उमटतो. व्हीव्हीटीच्या बाबतीत पुन:पुन्हा भेटणारे कोड थोडे आहेत. पी-००१० म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्हच्या विजेच्या मंडळात खोट. पी-००११ म्हणजे कॅम हवा त्याहून पुढे गेला आहे. पी-००१२ म्हणजे तो मागे राहिला आहे. पी-००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा आपसांतील मेळच बसत नाही.

मोठ्या शहरातील गॅरेजने याच ठिकाणी घाई केली. यंत्राने पी-००१२ दाखविले आणि कोडात टायमिंग हा शब्द आहे म्हणून टायमिंगशी संबंधित जे जे सुटे भाग ते सर्व यादीत आले. कोड इतकेच सांगतो की कॅम मागे राहिला. तो का राहिला हे सांगत नाही. बँकेचे पासबुक आणि दुकानाची किर्द यांत फरक आला तर कोणी पासबुक, किर्द आणि मुनीम तिघांनाही बदलत नाही. एकेक नोंद लावून पाहतात, आणि बहुधा एखादा न वटलेला चेक सापडतो. फरकाची रक्कम हा शोधाचा आरंभ असतो. कोडाचेही तसेच आहे.

सोनपेठमध्ये जुन्या पद्धतीचे एक मिस्त्री आहेत. जीपच्या काळापासून हात काळे केलेले. चिरंजीव आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेला. बापाजवळ कान, मुलाजवळ मोबाइल. गाडी शेवटी त्यांच्याकडे गेली, कारण शहराच्या अंदाजाची रक्कम ऐकून थोरल्या शेठजींनी एक रात्र विचारात घालवली होती आणि सकाळी ते स्वतः गॅरेजच्या बाकड्यावर येऊन बसले.

मिस्त्रींनी यंत्राकडे पाहिले नाही. त्यांनी बॉनेट उघडले, तेलाची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि शेठजींपुढे धरली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. बोटावर घेतले तर काजळासारखे, आणि दोन बोटांत चोळले तर किंचित कणीदार.

“शेठ, शेवटचं ऑइल कधी बदललं?”

“दिवाळीला बदलतो दरवर्षी. यंदाचं अजून व्हायचंय.”

“आन् मधी भरलं का कवा?”

मधे भरले होते. श्रावणात पट्टी कमी दिसली म्हणून धाकट्या मुलाने दुकानातून एक डबा आणून ओतला होता. डबा ट्रॅक्टरला वापरतात त्या जाड तेलाचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर जातो, तेव्हा जाड तेल बरे, ही समजूत गावोगाव आहे आणि वरवर पाहता ती शहाणपणाची वाटते. वस्तुस्थिती अशी की इंजिन गरम झाले की थर्मोस्टॅट आणि पंखा त्याचे तापमान नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतात, बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा. डब्यावर ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते त्यातला नंतरचा आकडा गरम इंजिनातील दाटपणाचा, आणि आधीचा थंड इंजिनातील. व्हीव्हीटीच्या गाडीला पुस्तिकेत पातळ तेल सांगितले जाते ते तेलाच्या कंपन्यांच्या लहरीखातर नव्हे. सकाळी इंजिन सुरू होताच त्या नखाएवढ्या जाळीतून तेल वेळेत पार व्हावे म्हणून.

मिस्त्रींच्या मुलाने मग मोबाइलवर दोन आकडे शेजारी लावले. संगणकाने कॅमला किती अंश पुढे जाण्यास सांगितले आणि तो प्रत्यक्षात किती गेला. गाडी जागेवर उभी असताना दोन्ही आकडे जवळपास शून्य, म्हणजे तक्रार नाही. गाडी गावाबाहेर चढावर नेऊन दाब दिला तेव्हा हुकूम वीस अंशांच्या पुढे गेला आणि कॅम दोन अंशांवर अडून राहिला. घाटात जे घडले त्याचा अर्थ आता उलगडला. कॅम आपल्या मूळ, मागच्या जागेवरून हलतच नव्हता. म्हणून उभी गाडी शांत, सपाटीवर गाडी ठीक, आणि चढावर बळ नाही. उलट कॅम पुढे अडकला असता तर उभ्या गाडीतच इंजिन थरथरले असते, सिग्नलवर बंद पडले असते. लक्षणांवरून दिशा अशी कळते. पी-००११ आणि पी-००१२ यांतला फरक कागदावर एका अंकाचा असला तरी गाडीच्या स्वभावात तो पूर्ण उलटा आहे.

कॅम का हलत नाही, याची कारणे चार: हुकूम पोहोचत नसेल, कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला असेल, तेल पोहोचत नसेल किंवा फेजर स्वतःच जाम असेल. खर्च पाहू गेले तर हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो, आणि शोधही त्याच क्रमाने करावा. शहरात तो शेवटाकडून सुरू झाला होता.

प्रथम व्हॉल्व्हच्या गुंडाळीचा विद्युत्‌रोध मीटरने मोजला. अशा गुंडाळीचा आकडा बऱ्याच गाड्यांत सात ओहमच्या आसपास असतो. नेमका किती ते त्या त्या गाडीच्या सेवापुस्तिकेत पाहावे. आकडा योग्य आला, म्हणजे गुंडाळी जळालेली नाही. मग मिस्त्रींनी एक अशी चाचणी केली की जिच्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. इंजिन सुरू ठेवून व्हॉल्व्हचा प्लग काढला आणि बॅटरीची बारा व्होल्टची वीज दोन तारांनी थेट त्या व्हॉल्व्हला दिली. क्षणभरच; जास्त वेळ दिली तर गुंडाळी तापते. निरोगी गाडीत असे करताच कॅम पुढे सरकतो, उभे इंजिन थरथरते किंवा बंद पडते, कारण उभ्या गाडीला ती घडी मानवत नाही. येथे काहीच झाले नाही. इंजिन पूर्वीसारखे शांत. अशा वेळी ही शांतता हेच दोषाचे चिन्ह असते. वीज देऊनही काही हलले नाही, याचा अर्थ हुकूम पोहोचण्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवता येतो. अडचण तेलाच्या वाटेत आहे.

एका बोल्टने बसवलेला व्हॉल्व्ह बाहेर काढायला दहा मिनिटे लागली. त्याच्या अंगावर काळा, चिकट लेप होता. बाकड्यावर वीज दिली तर आतली दांडी हलली, पण आळसावून, अर्धीच. जाळी काढून उजेडासमोर धरली तेव्हा तिच्यातून आकाश दिसेना. थोरल्या शेठजींनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. आयुष्यभर धान्याचे नमुने तळहातावर घेऊन माती, खडा, ओल ओळखणारा तो हात. त्याला तेवढ्या काजळीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

एवढा चिखल आला कोठून, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि तो रास्त होता. गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच धावत होती, तेल वर्षातून एकदा बदलले जात होते. हिशोबाने चूक दिसत नाही. परंतु या गाडीचे धावणे कसले, हेही पाहावे लागते. घर ते मोंढा, मोंढा ते बँक, बँक ते घर. दीड-दोन किलोमीटर गेले की इंजिन बंद. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. तिचा आणि न जळलेल्या पेट्रोलचा थोडा अंश तेलात उतरतो. लांबच्या प्रवासात इंजिन पुरते तापले की तो उडून जातो. आखूड फेऱ्यांत इंजिन तापतच नाही, ओल तेलातच राहते आणि काजळीशी मिळून गाळ होतो. त्यात मोंढ्याची धूळ. म्हणून गाड्यांच्या पुस्तिकांत धुळीत आणि आखूड अंतरात चालणाऱ्या गाडीसाठी तेल लवकर बदलण्याची वेगळी सूचना छापलेली असते. ती बारीक टाइपात असते, आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघालेली नसते. दिवाळीला चोपडीपूजन आणि गाडीचे तेल एकाच दिवशी, ही सोय झाली. इंजिनाला दिवाळी कळत नाही.

व्हॉल्व्ह आणि जाळी द्रावणाने धुतली. जुने तेल गरम करून पूर्ण गाळले, फिल्टर बदलला, पुस्तिकेत सांगितलेले पातळ तेल मोजून भरले. गाळ फार असेल तर काही जण इंजिन धुण्याचे औषध ओततात. मिस्त्रींनी ते टाळले. सुटलेला गाळ एकदम निघून पुन्हा त्याच जाळीत किंवा तेलपंपाच्या तोंडावर बसतो, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी हे तेल हजार किलोमीटरवर पुन्हा बदलायचे ठरले. बारा व्होल्टची चाचणी परत केली. या वेळी इंजिन थरथरले आणि बंद पडले. गॅरेजमध्ये इंजिन बंद पडल्याचा आनंद झाल्याचे दृश्य क्वचितच पाहायला मिळते. कोड पुसला, चढावर गाडी नेली, हुकूम आणि प्रत्यक्ष हे दोन आकडे बरोबरीने चढले-उतरले.

हकिकत येथे संपली असती तर ती फार सोपी ठरली असती. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

आईंची तारीख परवावर आली होती. घरात धाकट्याने शहराच्या गॅरेजचा कागद पुन्हा बाहेर काढला. इतका खर्च सांगणारे लोक उगाच सांगत नाहीत, असे त्याचे मत पडले. येथे गाडीवरचा नव्हे, मिस्त्रींवरचा विश्वास पणाला लागला होता. एकदा दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा बिघडली की पहिली दुरुस्ती खोटी होती असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि कित्येक चांगले कारागीर याच क्षणी आपले गिऱ्हाईक गमावतात.

मिस्त्रींच्या मुलाने कोड वाचला. तो पी-००१२ नव्हता, पी-००१० होता. म्हणजे कॅम मागे राहिल्याची तक्रार गेली होती आणि आता विजेच्या मंडळाची तक्रार आली होती. जुना दोष परतलेला नव्हता, हा दुसराच होता. दोन्ही वेळा दिवा तोच लागतो, त्यामुळे मालकाला फरक दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी कोड वाचून लिहून ठेवल्याविना पुसू नये. तार हाताने चाचपत नेली तेव्हा बॅटरीच्या मागे, वळणावर, तिचे आवरण कुरतडलेले आढळले. आतील एक धागा तुटून दुसरा लोंबत होता. गाडी रात्री गोदामाशेजारच्या पडवीत उभी राहते. शेजारी बारदान, पलीकडे सोयाबीनची थप्पी आणि थंडीच्या रात्री गरम इंजिनाची ऊब. उंदरांना याहून चांगली धर्मशाळा कोणती?

तार जोडून, डाख देऊन, वर आवरण चढवण्यास जेमतेम अर्धा तास लागला. गोदामात पूर्वीपासून पिंजरा होताच. धरलेले उंदीर सकाळी गावाबाहेर माळावर सोडून देण्याची त्या घरची रीत. पडवीतही आता एक पिंजरा ठेवला जातो आणि थंडीत गाडीचे बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहिले जाते. नेमलेल्या दिवशी आई अंबाजोगाईस गेल्या. घाटात गाडी तिसऱ्या गिअरवर चढली.

मात्र या प्रकरणावरून व्हीव्हीटीचा प्रत्येक दोष तेलाने आणि धुण्याने जातो असा निष्कर्ष कोणी काढू नये. सकाळी इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद समोरच्या बाजूने खडखडाट येत असेल, तर फेजरची कुलूपखिळ झिजली असण्याची किंवा चेनचा ताण सैल झाल्याची शक्यता असते. पी-००१६ आला आणि तेल, सेन्सर, तारा सर्व ठीक निघाले, तर चेन लांबली आहे किंवा दात सरकला आहे असे समजून झाकण उघडून खुणा जुळवूनच पाहाव्या लागतात. तेथे काटकसर घातक. पुष्कळ आधुनिक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची जागा एकमेकांच्या इतकी जवळ असते की चेन सुटली तर ते एकमेकांवर आदळतात, आणि मग खरोखरच इंजिन उघडण्याची पाळी येते. शहराच्या गॅरेजने सांगितलेले भाग निरुपयोगी नव्हते. त्या गाडीला, त्या दिवशी, ते लागत नव्हते एवढेच. त्यांची गरज सिद्ध करण्याआधी ते बसवले असते, तर गंमत अशी की गाडी काही दिवस सुधारलीही असती. नवा व्हॉल्व्ह, नवी जाळी आणि त्याबरोबर नवे तेल, एवढ्याने कॅम हलू लागला असता. श्रेय चेनला मिळाले असते आणि जाड तेलाचा डबा पुढच्या श्रावणात पुन्हा ओतला गेला असता.

कुरतडलेली तार तर तशीच राहिली असती.

गॅरेजमध्ये गाडी देताना मालकाने विचारण्यासारखे प्रश्न यातून सहज मिळतात. कोड कोणता आला, तो कागदावर लिहून द्यावा. तेलाची पट्टी पाहिली काय? सांगितलेला आणि प्रत्यक्ष अंश किती? भाग बदलण्यापूर्वी तो खराब असल्याची खूण कोणती? काढलेला जुना भाग परत मिळेल काय? आडतीवर माल घेताना पोत्यात बंब्या मारून नमुना पाहिल्याशिवाय भाव न बोलणारी माणसे गॅरेजच्या काउंटरवर मात्र हे प्रश्न विचारायला संकोचतात. आपल्याला यंत्रातले कळत नाही, ही त्यांची अडचण असते. परंतु वरील प्रश्नांपैकी एकालाही यंत्रातले कळावे लागत नाही.

त्या घरात आता गाडीसाठी एक लाल वही आहे. आडतीच्या वह्यांसारखीच, बाजूने उघडणारी. पहिल्या पानावर तारीख, मीटरचा आकडा, तेलाचा प्रकार, किती भरले, कोणी भरले असे रकाने आखलेले आहेत. अक्षर थोरल्या शेठजींचे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, धाकटा मुलगा पट्टी ओढतो आणि पातळी लिहितो. हजार किलोमीटरवरचा तेलबदल नोंदला गेला आहे, त्यापुढे कंसात ‘काळे, पण कणी नाही’ असा शेरा आहे. पुढचा रकाना पाच हजारांचा आहे. तो अद्याप कोरा आहे, कारण गाडी तेवढी धावलेली नाही; त्यात बहुधा आषाढाची तारीख पडेल.